नवरा-बायकोने इन्कम टॅक्स रिफंडचं नियोजन कसं करावं

रिटर्न भरून झालं की घरात लगेच विचारलं जातं, 'रिफंड किती येणार?' तो कोणाचा येणार, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. भारतात नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न नसतं. दोघांचे पॅन वेगळे, रिटर्न वेगळं आणि रिफंडही ज्याच्या-त्याच्या खात्यात जमा होतो. घर एक आणि रिफंड दोन, हे लक्षात ठेवूनच ठरवाठरवी करायला हवी. तीही पैसे खात्यात पडण्याआधी, कारण जमा झालेली रक्कम महिन्याच्या खर्चात कधी मिसळून जाते ते कळतही नाही.

दोघांचं लॉगिन दोघांकडे

बऱ्याच घरांत बायकोचं रिटर्न नवराच भरतो किंवा सीएकडून भरून घेतो. पासवर्ड त्याच्याकडे, ओटीपी त्याच्या मोबाइलवर, ईमेलही त्याचाच. मग आपल्या नावाचा रिफंड आला की नाही, हे बायकोला कोणी सांगेल तेव्हाच कळतं. सुरुवात इथून करा. ई-फायलिंग पोर्टलवर जिचं खातं तिचाच मोबाइल नंबर आणि ईमेल नोंदवा, पासवर्ड तिला बदलू द्या. रिटर्न दुसऱ्याने भरलं तरी चालेल, पण ते तिच्यासमोर उघडून दाखवलं पाहिजे. हे केल्याशिवाय पुढच्या नियोजनाला दोघांचं नियोजन म्हणता येणार नाही.

रक्कम नक्की करा

दोघांनी ई-फायलिंग पोर्टलवरून आपापला फॉर्म २६एएस (वर्षभरात तुमच्या नावे जमा झालेल्या कराचा उतारा) आणि एआयएस (वर्षभराच्या व्यवहारांचं माहितीपत्रक) उघडून पाहावा. पगारातून, ठेवींच्या व्याजातून किती टीडीएस (पैसे हातात येण्याआधीच कापलेला कर) कापला, ते तिथे दिसतं. त्यातून खरा कर वजा केला की उरतो तो रिफंड.

रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा, म्हणजे ते तुम्हीच भरल्याची ऑनलाइन खात्री द्या. मुदत चुकली तर व्हेरिफाय केलेला दिवस हाच रिटर्न भरल्याचा दिवस धरतात आणि ते उशिरा भरलेलं ठरू शकतं. ज्या बँक खात्यात रिफंड हवा ते पोर्टलवर आधी व्हॅलिडेट केलेलं (तुमचंच असल्याची पडताळणी झालेलं) असावं, खात्यावरचं नाव पॅनवरच्या नावाशी जुळावं आणि पॅन-आधार जोडलेलं असावं. लग्नानंतर बँकेत नाव बदललं पण पॅनवर जुनंच राहिलं, यामुळे रिफंड अडकतो. आडनाव बदललेल्यांनी हे आधी तपासावं.

पोर्टलवर दिसणारा आकडा हा फक्त तुमचा दावा असतो. बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रात रिटर्न तपासलं जातं आणि कलम १४३(१) खालची सूचना ईमेलवर येते. खरा आकडा त्या सूचनेत असतो. मागच्या एखाद्या वर्षाची कराची थकबाकी असेल तर विभाग ती तुम्हाला कळवून या रिफंडमधून वळती करू शकतो. ती मागणी मान्य नसेल तर दिलेल्या मुदतीत पोर्टलवर उत्तर द्या, गप्प बसू नका. आणि सूचना येईपर्यंत या पैशांच्या भरवशावर काहीही हप्त्याने घेऊ नका.

याच दिवसांत 'तुमचा रिफंड मंजूर झाला आहे, लिंकवर खातं कन्फर्म करा' असे मेसेज फिरतात. रिफंडसाठी विभाग कधीही ओटीपी, पिन किंवा कार्डाचा नंबर विचारत नाही. घरात ज्याला पोर्टलची सवय नाही त्याला हे स्पष्ट सांगून ठेवा.

रिफंडवरचं व्याज विसरू नका

रिटर्न मुदतीत भरलं असेल तर जास्त कापल्या गेलेल्या टीडीएसवर १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळतं. मात्र रिफंड एकूण कराच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ते मिळत नाही. समजा नवऱ्याचा ४६,००० रुपयांचा रिफंड ऑगस्टमध्ये आला, तर पाच महिन्यांचे ११५० रुपये वर मिळतील. मूळ रिफंड हे उत्पन्न नाही, त्यावर कर नाही. हे ११५० रुपये मात्र 'इतर उत्पन्ना'त धरायचे असतात आणि पुढच्या रिटर्नमध्ये तेच नेमके राहून जातात.

आता दोघांनी बसा

पद्धत साधी आहे. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न विचारता, या पैशांतून व्हायला हव्यात अशा तीन गोष्टी लिहायच्या आणि मग कागद समोरासमोर ठेवायचे. एकत्र बोलायला बसलं की जो आधी बोलतो त्याचंच मत ठरतं. वेगळं लिहिलं की दुसऱ्याच्या मनातलं बाहेर येतं. एखाद्या कागदावर 'आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन' असतं आणि दुसऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. दोन्ही कागदांवर जे सारखं आहे ते आधी ठरवून टाका. उरलेल्यासाठी पुढचा क्रम माझ्या मते बहुतेक घरांना लागू पडतो.

सगळ्यात आधी महागडं कर्ज. क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढे ढकलली की दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या वर. १८,००० रुपये थकले असतील तर महिन्याला ६३० रुपये नुसत्या व्याजात जातात. कोणतीही सुरक्षित गुंतवणूक एवढं देत नाही, त्यामुळे इथे वाद घालण्यासारखं काही नाही. कार्ड नवऱ्याचं असो की बायकोचं, थकबाकी घराची समजून फेडा. 'तुझ्या कार्डाचं तू बघ' म्हणत दुसऱ्याचा रिफंड ठेवीत टाकला, तर ठेवीवर सात टक्के मिळवण्यासाठी घर कार्डावर ४० टक्के भरत राहतं.

त्यानंतर अडीअडचणीचा निधी. किमान तीन महिन्यांचा घरखर्च दोघांपैकी कोणालाही एका दिवसात काढता येईल अशा ठिकाणी हवा. हे खातं संयुक्त असू द्या आणि व्यवहाराची पद्धत 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेली व्यक्ती' अशी नोंदवा. ज्याच्या एकट्याच्या नावावर खातं आहे तोच दवाखान्यात दाखल असेल, तर असलेला पैसा ऐन वेळी हाताशी येत नाही.

आरोग्य विमा नसेल तर त्याचा हप्ता याच पैशातून भरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या पॉलिसींवर जीएसटी लागत नाही.

हे सगळं आधीच नीट असेल, तर गृहकर्जाचा विचार करा. लोकांना वाटतं, लाखांच्या कर्जात पन्नास हजारांनी काय फरक पडणार? ३० लाखांचं, साडेआठ टक्के व्याजाचं, २० वर्षांचं कर्ज घ्या. त्याचा हप्ता साधारण २६,०३५ रुपये येतो. कर्जाच्या सुरुवातीलाच एकदा ५०,००० रुपये जास्तीचे भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सुमारे दहा हप्ते वाचतात. म्हणजे आज पन्नास हजार भरून पुढचे अडीच लाखांहून जास्त रुपये टळतात. अर्थात ते वीस वर्षांनंतरचे रुपये आहेत, त्यांची किंमत आजच्याइतकी नसेल, तरी साडेआठ टक्क्यांची खात्रीची बचत वाईट नाही. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर बँक यासाठी दंड लावू शकत नाही. फक्त अर्जात 'हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा' असं स्पष्ट लिहा. हप्ता कमी करून घेतला तर वाचलेले पैसे दर महिन्याला खर्चात जातात.

गुंतवायचे तर कोणाच्या नावावर?

इथे घरोघरी चूक होते. नवरा ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहे, बायकोला उत्पन्न नाही, म्हणून तो आपल्या रिफंडचे ४०,००० रुपये तिच्या नावे एफडीत टाकतो. जोडीदाराला भेट दिली म्हणून कर लागत नाही, हे खरं. पण त्या पैशावरचं व्याज कायद्याने देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. सात टक्क्यांनी वर्षाचे २८०० रुपये व्याज आलं, तर ते नवऱ्याच्या रिटर्नमध्ये दाखवायला हवं आणि त्यावर सेससह ३१.२ टक्के, म्हणजे सुमारे ८७४ रुपये कर बसतो. बायकोने नवऱ्याला पैसे दिले तरी नियम हाच.

कायद्यात बसणारे मार्ग आहेत. दोघंही कमावते असतील तर ज्याला कर जास्त लागतो त्याच्या पैशातून घरखर्च भागवा आणि ज्याला कमी लागतो त्याची स्वतःची कमाई गुंतवा. दुसरा मार्ग पीपीएफचा (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी). प्रत्येकाच्या खात्यात वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात आणि व्याज करमुक्त असल्याने ते कोणाच्या उत्पन्नात धरलं तरी कर वाढत नाही. करात फायदा नसतानाही बायकोच्या नावावर काहीतरी असावं म्हणून ठेव करायची असेल, तर ती जरूर करा. तिच्या नावावर पैसा असणं मी करबचतीपेक्षा महत्त्वाचं मानतो. व्याज मात्र योग्य रिटर्नमध्ये दाखवा आणि नॉमिनीचा रकाना रिकामा सोडू नका.

त्याचबरोबर तिचा रिफंड तिच्या संमतीशिवाय घरखर्चात वळवू नका, मग तो सहा हजारांचा का असेना.

रिफंडचा थोडा भाग, समजा दहावा हिस्सा, दोघांनी समान वाटून घ्यावा आणि त्याचं काय केलं हे एकमेकांना विचारू नये. उरलेल्या नव्वद टक्क्यांवरचं ठरलेलं त्यामुळे टिकतं.

पुढच्या वर्षी रिफंड लहान करा

मोठा रिफंड आला की आनंद होतो, पण तो पैसा वर्षभर तुमच्या हाती नव्हता. नवऱ्याच्या ४६,००० रुपयांचा अर्थ असा, की दरमहा जवळजवळ ३८०० रुपये पगारातून जास्तीचे कापले गेले आणि त्याच काळात कार्डाची थकबाकी वाढत राहिली. नोकरदाराने जुनी की नवी करप्रणाली आणि जुनी असेल तर घरभाडं, गृहकर्जाचं व्याज, विमा यांचा तपशील कंपनीला वर्षाच्या सुरुवातीलाच कळवावा. पुरावे जानेवारीत मागतात तेव्हा ते हाताशी ठेवावेत.

बायकोची स्वतःच्या बचतीची ठेव असेल आणि तिचं वर्षाचं व्याज ६४,००० रुपये असेल, तर ५०,००० ची मर्यादा ओलांडल्यामुळे बँक १० टक्क्यांनी ६४०० रुपये कापते. दुसरं उत्पन्न नसेल तर तिला कर लागतच नाही. हे ६४०० रुपये फक्त परत मिळवण्यासाठी रिटर्न भरावं लागतं. त्याऐवजी एप्रिलमध्येच बँकेत 'मला कर लागत नाही, टीडीएस कापू नका' असा स्वघोषणेचा अर्ज द्यावा, जो इतकी वर्षं १५जी नावाने ओळखला जायचा. प्राप्तिकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्याने कलमांचे आणि अर्जांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा बँकेत चालू अर्जच मागा. ठेवी दोन-तीन बँकांत असतील तर प्रत्येक बँकेत तो वेगळा द्यावा लागतो, आणि दरवर्षी नव्याने.