‘क्वाइट’ वापरताना या चुका टाळा

‘क्वाइट म्हणजे खूप’ हे स्पोकन इंग्लिशच्या वर्गात घोकून आलेली मुलं दरवर्षी आमच्या पुण्याच्या ऑफिसात रुजू होतात आणि लंडनला जाणाऱ्या मेलमध्ये दरवर्षी तोच घोळ होतो.

अमेरिकेत हे खपून जातं. तिथे ‘क्वाइट गुड’ हे बहुधा कौतुकच असतं. ब्रिटनमध्ये मात्र त्याचा अर्थ ‘ठीक आहे, वाईट नाही’ इतपतच. आमच्या एका मुलाने लंडनच्या मॅनेजरला सहकारी मुलीबद्दल लिहिलं, ‘शी इज क्वाइट गुड ॲट टेस्टिंग.’ त्याला म्हणायचं होतं की टेस्टिंगमध्ये तिचा हात धरणारं कुणी नाही. मॅनेजरने ते ‘चालेल जेमतेम’ असं वाचलं आणि दुसऱ्याला घेतलं. पुढे बोलता बोलता हे उघड झालं, तोवर जागा भरलेली होती. एका शब्दापायी हुशार मुलीची संधी हुकली, याचा मला अजून राग येतो. कुणाला तरी विचारायला दोन मिनिटं लागली असती, पण ‘सेंड’ दाबायची घाई!

ब्रिटिश माणसाला लिहिताना गुड, नाइस, इंटरेस्टिंग यांच्या आधीचा ‘क्वाइट’ मी सरळ खोडते. मनापासून कौतुक असेल तर ‘व्हेरी’, बेताचं असेल तर ‘फेअरली’. तिकडून ‘क्वाइट गुड’ आलं तर लगेच पेढे वाटू नका, काय बदलायला हवं ते विचारा. फोनवर असाल तर आवाजाकडे कान द्या. जोर ‘क्वाइट’वर पडला की मागून ‘बट’ येणार हे धरून चाला.

आता उलटी चूक. राइट, शुअर, डिफरंट, इम्पॉसिबल अशा शब्दांआधी ‘क्वाइट’ म्हणजे ‘अगदी, पूर्णपणे’, आणि हाच त्याचा जुना अर्थ. ‘यू आर क्वाइट राइट’ वाचून ‘आपलं थोडं चुकलंय’ असं समजून उगाच माफी मागणारे मी पाहिलेत.

‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे थोडे नव्हे, पुष्कळ. दोन्ही देशांत.

‘नॉट क्वाइट’ म्हणजे अजून थोडं बाकी आहे. काम झालं असं समजून फाइल बंद करू नका.

‘शांत’ या अर्थाच्या ‘क्वाएट’मध्ये ‘ई’ आधी, ‘टी’ शेवटी. दोन्ही शब्द खरे असल्यामुळे स्पेलचेक बरेचदा गप्प बसतो.

आणि डिक्शनरी ॲपमधला पहिला अर्थ उचलून पळू नका. चांगल्या कोशात अर्थापुढे ‘ब्रिटिश’, ‘अमेरिकन’ अशी खूण असते, ती वाचा.