कूपन लावूनही किराण्याचे बिल का वाढते? या चुका टाळा

किराण्याच्या बिलाच्या तळाशी ठळक अक्षरांत दिसणारी ‘आपली बचत’ ही रक्कम छापील कमाल किमतीपासून, म्हणजे एमआरपीपासून मोजलेली असते. तेलाची पिशवी छापील किमतीला आपण शेवटची कधी घेतली होती, हे आठवून पाहिले तर त्या आकड्यातला फुगवटा लगेच लक्षात येतो. समजा, पिशवीवर १७५ रुपये छापले आहेत, कोपऱ्यावरचा वाणी ती वर्षभर १५० रुपयांना देतो आणि ॲपवर १५ टक्के सूट लागून ती १४८ रुपये ७५ पैशांना मिळते. बिल सांगते की आपले सव्वासव्वीस रुपये वाचले, पण प्रत्यक्षात वाचलेला असतो सव्वा रुपया. कूपन आणि सेल यांच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात, कारण मोजायचे माप विकणाऱ्याने ठरवलेले असते आणि आपण ते न तपासता स्वीकारतो.

आपले स्वतःचे माप तयार करणे फारसे अवघड नाही. घरात दर महिन्याला हमखास लागणाऱ्या पंधरा-वीस जिनसांचा आपण खरोखर मोजलेला भाव, तारीख आणि वजन एवढेच एका वहीत लिहिले तरी दोन महिन्यांत कोणती सूट खरी आणि कोणती दिखाऊ, हे वही स्वतःच सांगू लागते. मात्र ही वही अधूनमधून नव्याने मांडावी लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, शाम्पू आणि बिस्किटे यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर, तर तूप, लोणी, चीज आणि फरसाण यांवरील १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यामुळे त्याआधीचे भाव तुलनेला उपयोगाचे राहिले नाहीत. जुन्या छापील किमतीच्या मालावर त्या काळात दिसलेली ‘भरघोस सूट’ अनेकदा सूट नसून करकपात होती, हेही त्या ओघात नोंदवायला हवे.

पाकिटाची किंमत पाहणे आणि वजन न पाहणे

ही चूक सर्वांत महागात पडते, म्हणून तिच्यावर थोडे थांबू. पूर्वी तेल, चहा, बिस्किटे अशा अनेक वस्तू ठरावीक वजनांतच बांधण्याचे बंधन होते. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ मध्ये पुढे झालेल्या दुरुस्तीने ते बंधन उठले आणि त्याऐवजी पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो विक्री किंमत छापणे आवश्यक झाले. परिणामी एकाच फळीवर एक लिटरची, ९१० ग्रॅमची आणि ८५० ग्रॅमची अशा तेलाच्या तीन पिशव्या शेजारी शेजारी दिसू शकतात. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलके असते आणि एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते, म्हणून पहिल्या दोन पिशव्या जवळपास सारख्याच आहेत, तिसरी मात्र लहान आहे. एक लिटरची पिशवी १५० रुपयांना आणि ८५० ग्रॅमची सेलमध्ये १४२ रुपयांना मिळत असेल, तर हात आपोआप आठ रुपयांनी स्वस्त पिशवीकडे जातो. हिशोब केला तर १०० ग्रॅमला पहिली सुमारे १६ रुपये ४८ पैशांना आणि दुसरी १६ रुपये ७१ पैशांना पडते, म्हणजे स्वस्त वाटलेली पिशवीच महाग निघते.

पाकिटावर छापलेल्या प्रति ग्रॅम किमतीवर इथे विसंबून चालत नाही, आणि त्याला दोन कारणे आहेत. ती किंमत एमआरपीवरून काढलेली असते, सवलतीच्या भावावरून नव्हे. शिवाय एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ती रुपयांत, दशांश चिन्हानंतर दोनच अंकांपर्यंत दिलेली असते. प्रति ग्रॅम एका पैशाचा फरक क्षुल्लक वाटतो, पण किलोमागे तो १० रुपये होतो. म्हणून मोबाईलमधल्या कॅल्क्युलेटरवर आपण देणार ती रक्कम भागिले वजन, एवढे गणित स्वतः करावे. मोठे पाकीट स्वस्तच पडते, हाही समज याच गणिताने तपासावा, कारण शाम्पूची पुडी मिलिलिटरमागे बाटलीपेक्षा स्वस्त असल्याचे आपल्याकडे अनेकदा आढळते.

धान्य-डाळींबाबत आणखी एक फरक आहे. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या, आधीच बांधून लेबल लावलेल्या तांदूळ, गहू, डाळी आणि पिठांवर ५ टक्के जीएसटी लागतो, तर वाण्याने पोत्यातून तोलून दिलेल्या सुट्या मालावर तो लागत नाही. त्यामुळे सुपरमार्केटमधल्या पाकीटबंद तूरडाळीवरचे पाच टक्क्यांचे कूपन आणि वाण्याकडची विनाकूपन सुटी डाळ यांची तुलना करताना, डाळीची प्रत सारखी असेल, तर दोन्ही भाव जवळपास एकाच ठिकाणी येऊन थांबू शकतात. प्रत सारखी आहे का, हे मात्र डाळ तळहातावर घेऊनच पाहावे.

कूपनसाठी पिशवी भरणे

‘४९९ रुपयांच्या खरेदीवर ७५ रुपये सूट’ असे कूपन हातात असते आणि आपली गरज ३८० रुपयांची असते. मग १३० रुपयांची बिस्किटे आणि चिवडा टाकून बेरीज ५१० वर नेली जाते आणि सूट वजा होऊन ४३५ रुपये भरले जातात. कूपन न वापरता ३० रुपये पोहोच शुल्क भरले असते, तरी बिल ४१० झाले असते. अशा वेळी वाढवायचीच असेल तर चहापूड, कपड्यांचा साबण, मीठ अशी पुढच्या आठवड्यात घ्यावीच लागणारी आणि न बिघडणारी वस्तू टाकावी, म्हणजे ती सूट खरी ठरते. ‘२० टक्के, कमाल १०० रुपये’ या प्रकारात चूक उलट दिशेने होते. इथे लाभ ५०० रुपयांच्या बिलालाच संपतो आणि १२०० रुपयांच्या बिलावर तो सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास उरतो, तरीही मनात २० टक्क्यांचा आकडाच घोळत राहतो.

याहून खोल नुकसान असे की साप्ताहिक कूपनांनी महिन्याची यादी मोडते. पूर्वी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकदा यादी वाण्याकडे जात असे आणि सामान बहुधा फुकट घरपोच येत असे. आता तीच यादी सात-आठ तुकड्यांत मागवली जाते आणि प्रत्येक तुकड्यावर हाताळणी शुल्क, लहान खरेदीचे शुल्क किंवा पावसाच्या दिवसांतला अधिभार चढतो. आठवड्याला भाजी-फळे आणि महिन्याला कोरडा किराणा, अशी विभागणी ठेवणाऱ्या घरात कूपने कमी वापरली जातात, पण माझ्या अनुभवात खर्च तिथेच आवरलेला दिसतो. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये सुरू झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करून आगाऊ मागणी नोंदवायची आणि एकत्र खरेदीचा लाभ वाटून घ्यायचा, ही तिची पद्धत आहे. सोसायटीतल्या पाच-सहा घरांनी मिळून गूळ, शेंगदाणे किंवा तांदूळ घाऊक बाजारातून आणणे हा तिचाच छोटा अवतार म्हणता येईल.

साठवण चुकली की सूटही गेली

एका श्रावणात ‘एकावर एक मोफत’ म्हणून मी रव्याची दोन पाकिटे आणली आणि दुसरे उघडले तेव्हा त्यात जाळी धरली होती. मोफत पाकीट कचऱ्यात गेले, आणि पहिल्या पाकिटाची किंमत तरी इतरांपेक्षा कमी होती का, हे मी पाहिलेच नव्हते. पावसाळ्यात रवा, मैदा, बेसन आणि पोहे गरजेपुरतेच घ्यावेत, आणि जास्त आणलेच तर रवा आल्या दिवशी कोरडा भाजून, गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. साठवणीला ऋतू असतो. नवी तूर हिवाळ्यात आणि नवा गहू उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात येतो, म्हणून कडक ऊन देऊन, डाळीला एरंडेल चोळून वर्षाचे भरण्याची रीत आपल्याकडे पडली. कांद्याचेही तसेच आहे. उन्हाळी कांदा हवेशीर जागी काही महिने टिकतो, पावसाळी कांदा टिकत नाही, म्हणून दिवाळीच्या सुमारास स्वस्त मिळाला तरी पाच-दहा किलो भरून ठेवू नये.

सेलमधली वस्तू मुदत संपत आल्यामुळे स्वस्त झालेली असू शकते, तेव्हा तारीख पाहावी. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख वस्तूच्या उत्तम दर्जाविषयी असते, तर ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ उलटल्यावर ती वस्तू खाऊ नये.

कूपन लागत नसेल तर

कूपन नाकारले गेले की आधी एकूण बेरीज नव्हे, तर पात्र वस्तूंची बेरीज पाहावी, कारण दूध, साखर, तेल, तूप अशा वस्तू अनेकदा किमान रकमेत धरल्या जात नाहीत आणि काही ठिकाणी ती रक्कम इतर सवलती वजा केल्यावर मोजली जाते. त्यानंतर एका ऑर्डरला एकच कूपन, विशिष्ट बँकेचे कार्ड, फक्त नवे खाते या अटी तपासाव्यात. सूट कॅशबॅक म्हणून ॲपच्या वॉलेटमध्ये जमा होणार असेल तर तिची मुदत वहीत टिपून ठेवावी, कारण वापरायची राहून गेलेली कॅशबॅक म्हणजे न मिळालेली सूट.

दुकानात फळीवरचा भाव आणि बिलातला भाव वेगळा निघाला, तर काउंटर सोडण्यापूर्वीच दाखवावे. ॲपवर पैसे भरण्यापूर्वी आपण न निवडलेली देणगी किंवा सदस्यत्व बेरजेत शिरले नाही ना, हे पाहावे. अशी न विचारता घातलेली भर, खोटी घाई दाखवणारे घड्याळ आणि शेवटच्या पायरीवर उघड होणारे शुल्क हे ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांतील तेरा ‘डार्क पॅटर्न’ प्रकारांत, म्हणजे ग्राहकाला भुलवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांत मोडतात. त्याविरुद्ध १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. अंतिम बेरजेचा स्क्रीनशॉट त्यासाठी जपून ठेवावा. परत केलेल्या वस्तूचे पैसे अपेक्षेपेक्षा कमी आले, तरीही तोच स्क्रीनशॉट आधी उघडावा, कारण कूपनची सूट बहुधा सर्व वस्तूंवर वाटली जाते आणि परत केलेल्या वस्तूच्या वाट्याची सूट परताव्यातून वजा होते.