पाडस एकटं दिसलं म्हणून उचलू नका

"भाऊ, हरणाचं पिल्लू सापडलंय. आई टाकून गेली त्याची." हा फोन आला की पुढचं मीच सांगतो. बांधालगतच्या गवतात होतं, पाय पोटाशी, मान जमिनीला टेकलेली, हात लावला तरी हललं नाही, बरोबर? समोरचा गप्प होतो. मग हळूच म्हणतो, "हो, पण आता घरी आणलंय."

चूक इथेच होते. चितळाची मादी सात-आठ महिने गाभण राहते आणि सहसा एकच पाडस देते. ते टाकून देणं तिला परवडणारं नसतं. विल्यावर ती वार खाऊन टाकते, पिल्लाला चाटून स्वच्छ करते आणि मुद्दाम लांब चरायला जाते. ती शेजारी उभी राहिली तर बिबट्याला पत्ताच मिळेल. पहिले काही दिवस पाडसाचं काम एकच, निपचित पडून राहणं. आई अधूनमधून येते, पाजते, परत जाते. म्हणजे आपल्याला दिसतो तो आजार नसतो, लपणं असतं.

एकदा गेलो तर पाडस पोत्यावर बसवलेलं, समोर स्टीलच्या वाटीत गाईचं दूध, भोवती मोबाइल धरलेली पोरं. हरणीचं दूध गाईच्या दुधापेक्षा बरंच दाट असतं. गाईच्या दुधानं पाडसाला हगवण लागू शकते, आणि गर्दीचा धसका वेगळाच. शिवाय वन्यप्राणी घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, भावना कितीही चांगली असो.

उचललंच असेल तर लगेच त्याच जागी नेऊन ठेवा, कुत्री बांधा आणि सगळे दूर व्हा. माणसाचा हात लागला म्हणून आई सहसा टाकत नाही. जखम असेल, अंगावर माश्या-मुंग्या चढल्या असतील किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत आई फिरकलीच नाही, तर वनविभागाला 1926 वर कळवा. आणि "बाप कुठंय?" असं विचारू नका. चितळाच्या नराची सगळी ताकद शिंगांत आणि झुंजीत जाते, संगोपनात त्याचा वाटा नसतो.

पक्ष्यांत हा हिशेब उलटा होतो, आणि तिथं आपली भाषाच आपल्याला चकवते. सुगरण म्हणतो आपण, पण खोपा विणतो तो नर. अर्धवट विणलेला खोपा तो मादीला दाखवतो. पसंत पडला तर पुढचं काम, नाहीतर दुसरा खोपा. त्यामुळे पावसाळ्यात लटकलेला अर्धा खोपा 'रिकामाच आहे' म्हणून दिवाणखान्यात टांगायला तोडू नका. जुना झालेलाही राहू द्या, त्यात कधीकधी मुनिया संसार थाटतात.

टिटवीच्या बाबतीत चूक दयेपोटी होते. उघड्यावरची अंडी पाहून लोक भोवती दगड रचतात. त्या अंड्यांचं संरक्षण मातीत मिसळून जाणाऱ्या रंगात असतं. दगडांचं रिंगण म्हणजे कावळ्याला दिलेली खूण. नर-मादी दोघंही आळीपाळीनं बसतात, पोटाची पिसं भिजवून आणून अंडी थंड ठेवतात. तुम्ही तिथं उभे राहिलात की ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडत राहतात आणि मे महिन्याच्या उन्हात अंडी तापतात. पाच मिनिटंसुद्धा थांबू नका.

झाडाखाली पिसं फुटलेलं पिल्लू उड्या मारताना दिसलं तर ते उडायला शिकतंय. जवळच्या झुडपात ठेवा, पुरे.

सगळ्यात जास्त राग मला धनेश या मोठ्या चोचीच्या पक्ष्याच्या ढोलीसमोर कॅमेऱ्याच्या तिपाया लावून बसणाऱ्यांचा येतो. मादी ढोलीचं तोंड लिंपून, चोच बाहेर येईल एवढी फट ठेवून आत बसलेली असते. तिचं पोट नराच्या फेऱ्यांवर चालतं. तो गळ्यात उंबरं भरून समोरच्या फांदीवर बसलाय आणि ढोलीकडे येत नाहीये, तर तो तुम्हालाच बिचकलाय. कॅमेरा गुंडाळा आणि मागं सरका.