तीन डेसिबलचा चकवा: जुनं ध्वनिमापन सॉफ्टवेअर पुन्हा चालतं करणाऱ्यांसाठी

ध्वनिमापनाच्या एखाद्या जुन्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड तुमच्या हाती आलाय, मूळ लेखकाने "घ्या, वापरा" म्हटलंय आणि आजच्या मशीनवर तो चालता करून हौशी मंडळींना मोफत द्यायचा बेत आहे. बेत चांगला आहे. पण कोड उघडायच्या आधी जुना प्रोग्रॅम अजून जिथे चालतोय असं एखादं मशीन शोधा. त्याला ठरावीक सिग्नलच्या फाइली द्या आणि तो काय आकडे दाखवतो ते जपून ठेवा. काम कंटाळवाणं आहे, टाळावंसं वाटतं. टाळलंत तर पुढचं सगळं अंदाजपंचे होणार, हे आधीच सांगून ठेवते.

"घ्या, वापरा" हे तोंडी नको. लेखी घ्या, आणि लायसन्स कोणतं लावायचं तेही लेखकाकडूनच ठरवून घ्या. कोड नुसता हाती आहे म्हणून तो वाटता येत नाही. एफएफटीचं, म्हणजे सिग्नल वेगवेगळ्या वारंवारतांत फोडून दाखवणाऱ्या गणिताचं, फंक्शन वेगळं तपासा. 'न्यूमेरिकल रेसिपीज' या पुस्तकातला कोड अनेक जुन्या प्रोग्रॅममध्ये सापडतो, आणि त्याचा सोर्स पुढे वाटायची परवानगी नाही. त्याजागी किस एफएफटी किंवा पॉकेटएफएफटी घाला, दोन्ही बीएसडी लायसन्सखाली आहेत. एफएफटीडब्ल्यू वेगवान आहे, पण तिचं लायसन्स जीपीएल; ती जोडली की तुमचा प्रोग्रॅमही त्याच अटींवर वाटावा लागतो. तुमची तयारी असेल तर खुशाल घ्या. साउंडकार्डशी बोलायला पोर्टऑडिओ, एमआयटी लायसन्स, तिथे काहीच अडचण नाही.

"हा पसारा फेकून दे, नव्याने लिही," असा सल्ला हमखास मिळेल, आणि बहुतेक वेळा तो उत्तम प्रोग्रॅमरच देतील. ऐकू नका. जुन्या कोडमध्ये मध्येच एखादा विचित्र गुणक दिसतो, शेजारी एका शब्दाची टिप्पणी नसते. तो उडवावासा वाटतो. पण अनेकदा तो कुणीतरी खऱ्या ॲम्प्लिफायरसमोर बसून, मीटर लावून ठरवलेला असतो. मार्गदर्शक शोधायचाच तर हा प्रोग्रॅम ज्याने वर्षानुवर्षं मोजायला वापरलाय तो शोधा. त्याला कोड वाचता येत नसला तरी चालेल. "हा आकडा इतका चांगला येऊच शकत नाही" हे त्याला पडद्यावर नजर टाकताच कळतं, आणि तुमचं निम्मं काम तिथेच होतं.

कोड टर्बो पास्कलमधला असेल तर मोजमापांच्या जुन्या फाइली उघडताना पहिला धक्का बसेल. तिथला 'रिअल' सहा बाइटांचा. टर्बो पास्कलचा पुढचा अवतार असलेल्या डेल्फीत, आवृत्ती ४ पासून, त्याच नावाचा प्रकार आठ बाइटांचा झाला आणि जुन्याला 'रिअल४८' हे नाव मिळालं. त्यामुळे कोड विनातक्रार कंपाइल होतो आणि फाइल वाचली की नुसता कचरा दिसतो. फाइल हेक्समध्ये उघडून बघा. ८१ आणि त्यामागे पाच वेळा ०० दिसलं, तर तो १.० आहे. पहिला बाइट घातांकाचा, त्यातून १२९ वजा करायचे. शेवटच्या बाइटचा सर्वांत वरचा बिट चिन्हाचा, आणि मधले ३९ बिट अपूर्णांकाचे. पहिला बाइट शून्य असेल तर संख्याच शून्य. रूपांतराचं फंक्शन छोटंसं होतं, घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

आता मुख्य गोष्ट. हिने माझ्या इतक्या रात्री खाल्ल्या आहेत की इथे मी हात आखडता घेणार नाही.

नवा प्रोग्रॅम चालू होतो. तुम्ही १ किलोहर्ट्झची साइन देता, आयाम ०.५, आणि शिखर बरोबर −६.०२ डेसिबलवर येतं. मग नॉइजचा आकडा बघता, तर तो जुन्या प्रोग्रॅमपेक्षा तीन डेसिबल जास्त. तीन डेसिबल म्हटलं की ऑडिओत रमलेल्या कुणाच्याही डोक्यात एकच उत्तर येतं: साइनचा आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) तिच्या शिखरापेक्षा ३.०१ डेसिबलने कमी असतो. बिनमधले (स्पेक्ट्रमच्या एकेका कप्प्यातले) आकडे शिखराचे, नॉइज हवा आरएमएसमध्ये, तेव्हा कुठेतरी निम्मं करायचं राहिलं असणार. नॉइजमधून ३.०१ वजा करायचे, आकडे जुळतात, पुढे सरकायचं. चकवा लागतो तो इथे. पुढे कितीही चाललात तरी फिरून त्याच जागी येता.

खरं कारण विंडोत असतं, म्हणजे एफएफटीआधी नमुन्यांना ज्या वक्राने गुणतात त्यात. विंडो लावली की नमुन्यांच्या दोन्ही कडा दाबल्या जातात आणि सुराचं शिखर खाली येतं. हान विंडोत ते निम्मं होतं, म्हणून आपण स्पेक्ट्रम दुप्पट करतो. सूर जागेवर येतो. नॉइज मात्र एका बिनमध्ये बसत नाही, तो सगळीकडे पसरलेला असतो. विंडोमुळे त्याची शक्ती ०.३७५ पट होते आणि आयाम दुप्पट केल्याने तीच शक्ती आपण चौपट करतो. ०.३७५ गुणिले ४ म्हणजे १.५, म्हणजे १.७६ डेसिबल जास्तीचे. चार पदांच्या ब्लॅकमन-हॅरिस विंडोत हाच गुणक २.० च्या किंचित वर जातो, म्हणजे ३.०२ डेसिबल.

३.०१ आणि ३.०२. कारणांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. जुना प्रोग्रॅम आपली विंडो ब्लॅकमन-हॅरिस धरून चालत असेल तर तुमची वजाबाकी अगदी चपखल बसते. मग वापरणारा विंडो बदलून हान करतो आणि नॉइज खऱ्यापेक्षा सव्वा डेसिबल कमी दिसू लागतो. ॲम्प्लिफायर आहे त्याहून चांगला दिसला तर तक्रार कोण करणार? हा दोष म्हणूनच टिकून राहतो.

उपाय असा: नॉइजची शक्ती बेरजेने काढलीत की तिला विंडोच्या गुणकाने भागा, आणि तो गुणक कोडमध्ये आकडा म्हणून लिहू नका. विंडोच्या नमुन्यांवरूनच काढा: नमुन्यांची संख्या गुणिले त्यांच्या वर्गांची बेरीज, भागिले त्यांच्या बेरजेचा वर्ग. कागदावर पडताळायचं असेल तर अगदी बिनवर पडणारी साइन हान विंडोतून काढा. मधला बिन १, शेजारचे दोन अर्धे. वर्गांची बेरीज १ + ०.२५ + ०.२५, पुन्हा १.५. म्हणजे सूर आणि नॉइज दोन्ही बेरजेने मोजले तर त्यांचं गुणोत्तर आपोआप बरोबर येतं. सूर शिखराने मोजायचा आणि नॉइज बेरजेने, असा मिश्र मार्ग घेतला की बिघडतं.

आणि यासाठी उत्तर आधीच माहीत असलेला सिग्नल हवा. १६ बिटांची साइन कोडमधूनच तयार करा, जवळपास पूर्ण क्षमतेची, शिखराशी डिदरपुरती (मुद्दाम मिसळलेल्या बारीक नॉइजपुरती) जागा सोडून, आणि तिला त्रिकोणी वितरणाचा डिदर द्या. शून्यापासून सॅम्पल रेटच्या निम्म्यापर्यंत तिचं सिग्नल-नॉइज गुणोत्तर ९३.३ डेसिबल यायलाच हवं: ६.०२ गुणिले १६, अधिक १.७६, वजा डिदरचे ४.७७. विंडो कोणतीही लावा, हा आकडा हलता कामा नये. जुळवून आणलेला प्रोग्रॅम इथे लगेच उघडा पडतो. ही चाचणी प्रोग्रॅमसोबतच द्या, म्हणजे वापरणाऱ्यालाही ती चालवता येईल.

जुन्या प्रोग्रॅममध्ये एमएलएस, म्हणजे नॉइजसारख्या वाटणाऱ्या ठरावीक आवर्ती क्रमाने प्रतिसाद मोजण्याची पद्धत, असण्याची शक्यता बरीच. राइफ आणि व्हँडरकॉय यांच्या १९८९ च्या निबंधाने ही पद्धत ऑडिओवाल्यांच्या हाती दिली. तिच्यात प्रतिसाद काढणारं हॅडमार्ड रूपांतर नुसत्या बेरीज-वजाबाकीवर चालतं, आणि त्या काळच्या मशीनला तेच परवडायचं. आज लॉगरिदमिक स्वीप (वारंवारता सतत चढवत नेलेली साइन) सरस आहे, यात वाद नाही. फारिना यांनी २००० मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक हार्मोनिकचं डिस्टॉर्शन मुख्य प्रतिसादापासून वेगळं निघतं, तर एमएलएसमध्ये ते खोट्या शिखरांच्या रूपाने प्रतिसादभर विखुरतं. तरीही पहिल्या आवृत्तीत एमएलएसला हात लावू नका. जुन्याशी ताडून बघण्याचा तो एकमेव दुवा आहे. स्वीप मागाहून घाला. आणि एमएलएसच्या लांबीचा ६५,५३५ हा आकडा दिसला तर तो ६५,५३६ करायला जाऊ नका. तो २ चा १६ वा घात वजा १ असाच असायला हवा. एक नमुना वाढवलात की आवर्तन मोडतं आणि प्रतिसादाचा तळ नॉइजने भरून जातो.

एवढं वाचून धीर सुटत असेल तर सांगते, गणिताचा भाग इथे संपला. पुढची कामं मेहनतीची आहेत, अवघड नाहीत. वाजवणं आणि नोंदवणं एकाच साउंडकार्डवर ठेवा, दोन कार्डांची घड्याळं कधीच जुळत नाहीत. विंडोजवर शेअर्ड मोडमध्ये आवाज मिक्सरमधून जातो आणि सॅम्पल रेट मध्येच बदलला जाऊ शकतो, म्हणून वासापी या विंडोजच्या ऑडिओ इंटरफेसचा एक्सक्लुझिव्ह मोड वापरा. केबल आउटपुटवरून सरळ इनपुटला लावून आधी स्वतःचं कार्ड मोजायचं, हे तुम्हाला माहीत असेलच.

मदतीच्या पानावर मात्र एक गोष्ट सर्वांत वर, ठळक अक्षरांत लिहा. मोफत साधन हाती पडणाऱ्यांत पहिल्यांदाच ॲम्प्लिफायर मोजायला बसलेले लोक असतात. स्पीकरचं आउटपुट साउंडकार्डला थेट जोडायचं नाही. मध्ये रेझिस्टरचा विभाजक हवा, नाहीतर इनपुट जळतो. ॲम्प्लिफायर ब्रिज पद्धतीचा असेल तर त्याचं काळं टर्मिनलही जमिनीला जोडलेलं नसतं, त्यावर सिग्नल असतो. तिथे साउंडकार्डचा ग्राउंड लावला की ॲम्प्लिफायरची अर्धी बाजू शॉर्ट होते. अशा वेळी डिफरेन्शियल इनपुट लागतो, किंवा प्रत्येक टर्मिनल ग्राउंडच्या सापेक्ष वेगळं मोजावं लागतं. 'मोजा' हे बटण पहिल्यांदा दाबल्यावर हीच सूचना पडद्यावर येईल आणि वाचल्याचं मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असं करा.