टर्बो गाडीचे इंजेक्टर निवडताना या चुका टाळा

रामबागेतल्या एका मित्राने आपल्या जुन्या हॅचबॅकला टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) बसवला. इंदुरातल्या गर्दीत गाडी सुरळीत चालायची, पण बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, पूर्ण चढला की अडखळायची. आम्ही स्पार्क प्लग काढून उजेडात धरला. पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके होते आणि त्यात ॲल्युमिनियमचे बारीक चकचकीत कण. ते कण पिस्टनचे होते.

इंजेक्टर, म्हणजे इंजिनात इंधन फवारणारी नोझलं, मात्र त्याने हिशोब करूनच घेतले होते. टर्बो पेट्रोल इंजिनाला एका हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण 0.6 पौंड इंधन लागतं. 200 हॉर्सपॉवरला (इंजिनाची, चाकावरची नव्हे) झालं 120 पौंड. चार इंजेक्टर, 80 टक्के ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळेतला वाटा) धरली तर प्रत्येकी 37.5 पौंड, म्हणजे मिनिटाला सुमारे 395 सीसी. ई-20 ला (20 टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला) शुद्ध पेट्रोलपेक्षा जवळपास 8 टक्के जास्त इंधन लागतं, म्हणून 440 सीसीचे घेतले. इथवर सगळं बरोबर.

चूक झाली ती दाबाची. इंजेक्टरवरचा आकडा बहुधा 3 बारला मोजलेला असतो. याच्या रेग्युलेटरची (इंधनाचा दाब सांभाळणाऱ्या भागाची) नळी मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या भागाला, जोडलीच नव्हती. रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीत, 3 बार, समोरून 1 बार बूस्ट, म्हणजे इंधन ढकलायला उरले 2 बार. प्रवाह 18 टक्क्यांनी घटून 360 सीसीवर आला, आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) 440 धरूनच चालला होता, म्हणून बूस्टमध्ये इंधन कमी पडत होतं. वीतभर रबरी नळीने काम झालं असतं! नळी जोडल्यावर बूस्टमध्ये रेलचा दाब 4 बारवर जातो. तेवढ्या दाबाला पंप किती इंधन देतो, तेही आधी बघून घ्या.

यावर उपाय म्हणून कुणी थेट 1000 सीसी सुचवलं तर ऐकू नका. आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन चालू असताना, इतक्या मोठ्या इंजेक्टरची उघडझाप फार थोडा वेळ होते. त्यात उघडायला लागणारा वेळ बॅटरीच्या व्होल्टेजप्रमाणे बदलतो. हेडलाइट लावले की आयडल डळमळायला लागतं. या वेळेचा तक्ता न देणाऱ्याकडून इंजेक्टर घेऊच नयेत, असं माझं ठाम मत आहे.

बसवण्याआधी मल्टिमीटर लावून इंजेक्टरचा विद्युत रोध मोजा. 12 ते 16 ओहमसाठी बनलेल्या ईसीयूला 2-3 ओहमचे इंजेक्टर जोडले तर त्याचा ड्रायव्हर (इंजेक्टरला वीज देणारं सर्किट) जळू शकतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या (इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) गाड्यांना वरचा दाबाचा हिशोब लागू नाही, तिथे रेलचा दाबच शंभर बारच्या पुढे असतो.

फुल बूस्टची चाचणी सुपर कॉरिडॉरसारख्या रस्त्यावर करू नका. डायनोवर (गाडी जागेवरच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) वाइडबँड, म्हणजे धुरातून हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा सेन्सर, लावून करा, आणि लॅम्डा (हेच प्रमाण; आकडा वाढला म्हणजे इंधन कमी) 0.85 च्या वर सरकताना दिसला की लगेच पाय उचला.