पेरोव्हस्काइट सौरघटावर तापमानाचा परिणाम कसा मोजावा

सौरघटाची जाहीर केलेली कार्यक्षमता २५ अंश सेल्सिअसला मोजलेली असते. भर उन्हातले पॅनेल मात्र ६० अंशांच्या पुढे सहज जाते. दर अंशामागे सिलिकॉन घटाची शक्ती साधारण ०.३ ते ०.४५ टक्के कमी होते, तर पेरोव्हस्काइटची (विशिष्ट स्फटिकरचनेच्या, प्रकाश शोषणाऱ्या पदार्थाच्या घटाची) बहुधा ०.१ ते ०.२ टक्केच. एवढ्यावरून पेरोव्हस्काइट उष्णतेला दाद देत नाही असे म्हणणे घाईचे ठरेल, कारण हा आकडा थंड झाल्यावर भरून येणाऱ्या तुटीचा आहे. कायमची झीज वेगळी, आणि मोजताना त्या दोन्ही वेगळ्या काढणे हेच खरे काम आहे.

घट नायट्रोजनच्या पेटीत ठेवावा, म्हणजे दमटपणाचा दोष उष्णतेच्या माथी येणार नाही. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घट तापवणाऱ्या हॉटप्लेटला न लावता घटाच्या काचेलाच चिकटवावा. प्लेट आणि काच यांच्यात काही अंशांचा फरक राहतो, शिवाय उन्हाऐवजी वापरलेल्या दिव्याचा प्रकाशही घट तापवतो, म्हणून दोन मोजण्यांच्या मधल्या वेळात शटर बंद ठेवावे.

२५ अंशांपासून ८५ पर्यंत दहा-दहा अंशांनी चढावे. मिथाइल अमोनियम लेड आयोडाइड या पेरोव्हस्काइटची स्फटिकरचना ५५ अंशांच्या आसपास टेट्रागोनलची (एका दिशेने ताणलेल्या घनासारखी) क्युबिक (घनाकार) होते, तेव्हा तेथे पायऱ्या पाच अंशांच्या ठेवाव्यात. प्रत्येक पायरीवर तापमान स्थिरावल्यावर व्होल्टेज चढता आणि उतरता अशा दोन्ही दिशांनी विद्युतप्रवाहाचा आलेख घ्यावा. थरातल्या आयनांची (विद्युतभारित कणांची) हालचाल तापमानासोबत वेगवान होत असल्याने दोन आलेखांतले अंतर बदलत जाते, आणि एकाच दिशेचा आलेख फसवतो.

सर्वांत महत्त्वाचे, आणि घाईत नेमके हेच राहून जाते: प्रत्येक पायरीनंतर घट पुन्हा २५ अंशांवर आणून मोजावा. जेवढी शक्ती परतली तेवढी तूट तात्पुरती, म्हणजे मुख्यतः पुनर्संयोगामुळे (प्रकाशाने सुटे झालेले विद्युतभार पुन्हा एकत्र आल्यामुळे) उतरलेल्या ओपन सर्किट व्होल्टेजची (प्रवाह वाहत नसतानाच्या व्होल्टेजची). जी परतली नाही ती झीज.

८५ अंशांवर तासन्‌तास ठेवलेला हा पेरोव्हस्काइटचा थर नायट्रोजनमध्येही टिकत नाही. मिथाइल अमोनियमचा अंश वायुरूपाने निघून जातो आणि मागे लेड आयोडाइड उरते. गडद तपकिरी थराला पिवळी झाक येते. पिवळेपणा न दिसताही शक्ती परतत नसेल, तर संशय आधी वरच्या, विद्युतभार वाहून नेणाऱ्या सेंद्रिय थरावर आणि धातूच्या संपर्कावर घ्यावा. खराब झालेल्या घटात शिसे असते, म्हणून तो हातमोजे घालूनच हाताळावा.