ब्रेड मेकर घेताना आणि वापरताना या चुका टाळा

घरच्या ब्रेड मेकरबद्दल सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार अशी असते की, तीच कृती, तेच पीठ आणि तेच यंत्र असूनही ब्रेड एकदा उत्तम फुगतो आणि पुढच्या वेळी वरून खचतो किंवा विटेसारखा जड होतो. अशा वेळी यंत्र बिघडले असावे असे वाटते, पण बहुतेक वेळा ते अगदी ठीक असते. ब्रेड मेकरमध्ये मुख्यतः एक मोटर, एक हीटिंग कॉइल, तापमान मोजणारा एक सेन्सर आणि आधीच ठरवून दिलेले एक वेळापत्रक असते. किती मिनिटे मळायचे, किती वेळ फुगू द्यायचे आणि भाजायला केव्हा सुरुवात करायची हे त्या वेळापत्रकात लिहिलेले असते. पीठ सैल झाले आहे की घट्ट, ते पुरेसे फुगले आहे की नाही, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. हाताने ब्रेड करणारा माणूस पीठ पाहून थांबतो किंवा घाई करतो. यंत्राला ते जमत नसल्यामुळे त्याच्या वेळेत बरोबर बसेल असे पीठ तयार करून देणे हे आपले काम ठरते. पुढे सांगितलेल्या चुकांपैकी बऱ्याचशा चुका हे काम यंत्राचेच आहे असे मानल्यामुळे होतात.

खरेदी करताना

घेतोच आहोत तर मोठे घ्यावे, हा विचार इथे उपयोगी पडत नाही. एक किलोचा ब्रेड करण्यासाठी असलेल्या भांड्यात अर्ध्या किलोचे साहित्य घातले, तर भांड्याच्या तळाशी फिरणारे मळण्याचे पाते पिठाच्या गोळ्याला नीट पकडत नाही, कोपऱ्यांत कोरडे पीठ तसेच राहते आणि ब्रेड बुटका होतो. घरात एका वेळी जेवढा ब्रेड दोन दिवसांत संपतो, तेवढ्या मापाचे यंत्र पुरेसे असते, कारण घरगुती ब्रेडमध्ये टिकवण्याची द्रव्ये नसतात आणि तो लवकर शिळा होतो.

यंत्रात आधीच भरलेल्या कार्यक्रमांच्या (म्हणजे वेगवेगळ्या ब्रेडसाठीच्या तयार वेळापत्रकांच्या) संख्येवर भुलू नये. वीस कार्यक्रमांपैकी नेहमीच्या वापरात साधा ब्रेड, पूर्ण गव्हाच्या पिठाचा ब्रेड आणि फक्त पीठ मळून देणारा कार्यक्रम एवढेच येतात. त्यापेक्षा मळण्याची, फुगण्याची आणि भाजण्याची वेळ स्वतः ठरवता येईल अशी सोय असेल, तर तिचे मोल मोठे आहे, कारण वेळापत्रकाची जी मर्यादा वर सांगितली ती याच सोयीने बरीच कमी होते. काही मिनिटे वीज गेली तरी यंत्र जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू होते का, हेही विचारून घ्यावे. आणि भांडे व पाते सुटे विकत मिळते का याची खात्री खरेदीपूर्वीच करावी. मोटरच्या आधी भांड्याचा नॉनस्टिक लेप आणि पात्याखालचे पाणी गळू न देणारे सील झिजते. सुटे भाग मिळत नसतील, तर उत्तम चालणारे यंत्र केवळ भांड्यापायी टाकून द्यावे लागते.

कपाने मोजण्याची चूक

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच आहे. पीठ हलक्या हाताने चमच्याने भरले तर एका कपात साधारण 120 ग्रॅम बसते, आणि कप पिठाच्या डब्यात खुपसून भरला तर तेच 150 ग्रॅमपर्यंत जाते. तीन कप पीठ आणि 240 मिलिलिटर पाणी अशी कृती असेल, तर पहिल्या पद्धतीने पाणी पिठाच्या 67 टक्के होते आणि दुसऱ्या पद्धतीने जेमतेम 53 टक्के. पहिले पीठ मऊ आणि किंचित चिकट होईल, दुसरे इतके घट्ट होईल की मोटर कण्हू लागेल, आणि तरीही दोन्ही वेळा कृती जशीच्या तशी पाळली असे आपण म्हणू. म्हणून ब्रेड मेकरबरोबरच ग्रॅम दाखवणारा डिजिटल वजनकाटा घ्यावा, आणि दोन्हींपैकी आधी एकच घ्यायचे असेल तर वजनकाटा घ्यावा.

साध्या ब्रेडसाठी 500 ग्रॅम मैद्याला 310 ते 325 मिलिलिटर पाणी, 9 ते 10 ग्रॅम मीठ आणि 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट (थेट पिठात मिसळायचा कोरडा यीस्ट) हे प्रमाण सुरुवातीला धरावे. पूर्ण गव्हाचे पीठ कोंड्यामुळे जास्त पाणी पिते. त्याला 350 ते 375 मिलिलिटर लागते. तरीही प्रत्येक पिठाची पाणी शोषण्याची ताकद वेगळी असल्यामुळे, मळायला सुरुवात झाल्यावर पाच ते दहा मिनिटांनी झाकण उघडून गोळा पाहणे आवश्यक आहे. झाकण मुळीच उघडायचे नाही असा समज आहे. तो फुगण्याच्या आणि भाजण्याच्या वेळेपुरता खरा आहे, मळण्याच्या वेळी उघडल्याने काहीही बिघडत नाही. गोळा एकसंध, गुळगुळीत आणि बोटाला किंचित चिकटणारा असावा, आणि त्याने भांड्याच्या कडा स्वच्छ पुसून काढलेल्या असाव्यात. तळाशी चिखलासारखे पसरत असेल तर एकेक चमचा पीठ घालावे, गोळ्याला भेगा पडत असतील किंवा त्याचे दोन तुकडे होत असतील तर एकेक चमचा पाणी. एकेक चमचाच घालावा, कारण मिसळून परिणाम दिसायला एखादे मिनिट लागते.

यीस्ट, मीठ आणि पाण्याचे तापमान

यीस्ट हा सजीव आहे आणि त्याचा वेग तापमानावर ठरतो. पिठाचे तापमान 24 ते 27 अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर तो यंत्राच्या वेळापत्रकाशी जुळवून चालतो. उन्हाळ्यात खोली तापलेली असताना कोमट पाणी घातले, त्यात मळण्याच्या घर्षणाची उष्णता मिळाली, की यीस्ट फार वेगाने फुगवतो आणि भाजणे सुरू होण्यापूर्वीच त्याची ताकद संपते. थंडीत नेमके उलटे होते. म्हणून उन्हाळ्यात गार पाणी आणि थंडीत कोमट पाणी वापरावे. मात्र कढत पाणी कधीच नको, कारण साधारण 55 ते 60 अंशांना यीस्ट मरतो. काही यंत्रे मळण्यापूर्वी सर्व साहित्य एकाच तापमानाला आणण्यासाठी थांबतात. त्यांच्याबाबतीत माहितीपुस्तिकेतील सूचनाच पाळावी.

साहित्य घालण्याचा क्रम यंत्रानुसार बदलतो. काहींत आधी पाणी आणि सर्वांत वर यीस्ट, तर काहींत तळाशी यीस्ट, त्यावर पीठ आणि वर पाणी असते. मळणे सुरू होईपर्यंत यीस्ट कोरडा राहावा, एवढाच दोन्हींचा हेतू आहे. रात्री साहित्य भरून सकाळी ब्रेड मिळावा म्हणून टायमर लावणार असाल तर हे अधिकच महत्त्वाचे ठरते. अशा वेळी दूध आणि अंडी घालू नयेत, कारण ती तासन्‌तास खोलीच्या तापमानात राहून खराब होतात. दुधाऐवजी पाणी आणि दूध पावडर चालते.

यीस्टचा प्रकार बदलला की मापही बदलते: इन्स्टंटच्या जागी ॲक्टिव्ह ड्राय यीस्ट असेल तर सुमारे सव्वापट आणि ताजा यीस्ट असेल तर तिप्पट घ्यावा. मीठ विसरू नये. ते चवीसाठी तर हवेच, पण यीस्टचा वेग आवरण्याचे आणि ग्लूटेनची (पिठातील चिवट प्रथिनाची) जाळी बळकट करण्याचे कामही तेच करते.

ब्रेड पाहून दोष ओळखणे

वरचा भाग खचला असेल, तर पीठ वेळेआधी फुगून गेले होते असे समजावे. यीस्ट जास्त, पाणी जास्त, मीठ कमी किंवा तापमान जास्त, यांपैकी एक कारण असते. मी आधी यीस्ट पाव हिश्शाने कमी करून पाहतो, तेवढ्याने भागले नाही तर पुढच्या वेळी पाणी 10 ते 15 मिलिलिटरने कमी करतो. एका वेळी एकच बदल करावा. चार बदल एकदम केले तर ब्रेड सुधारला तरी कशामुळे सुधारला ते कळत नाही आणि पुढच्या ऋतूत तीच अडचण पुन्हा उभी राहते.

ब्रेड गच्च आणि बुटका झाला असेल तर यीस्ट जुना आहे का, हे आधी तपासावे. चमचाभर साखर घातलेल्या कोमट पाण्यात तो दहा मिनिटांत फेसाळला नाही, तर टाकून द्यावा. यीस्ट चांगला असूनही ब्रेड गच्च होत असेल, तर पाणी कमी पडते आहे. पूर्ण गव्हाचे पीठ झटपट कार्यक्रमावर लावल्यानेही हेच होते, कारण कोंड्याला पाणी शोषायला आणि पिठाला फुगायला तेवढ्यात वेळच मिळत नाही. भांड्याबाहेर छत्रीसारखा वाढलेला ब्रेड मात्र साहित्य भांड्याच्या मापापेक्षा जास्त झाल्याची खूण आहे.

आतून ओलसर आणि चिकट वाटणारा ब्रेड दर वेळी कच्चाच असतो असे नाही. गरम असताना कापल्यानेही तो तसा वाटतो. स्वयंपाकाचा थर्मामीटर मध्यभागी खुपसल्यावर 93 ते 98 अंश दाखवत असेल, तर ब्रेड भाजलेला आहे. भाजणे संपताच तो भांड्यातून काढून जाळीवर ठेवावा आणि तासभर थांबावे. भांड्यातच राहिला तर वाफेने कडा ओल्या होतात आणि बाजू आत ओढल्या जातात.

भांड्याची निगा

पाते ब्रेडमध्ये अडकून येते तेव्हा ते काढण्यासाठी धातूची वस्तू वापरू नये. माझ्या पहिल्या भांड्याचा लेप मी अशाच घाईत काट्याने खरवडला, आणि त्यानंतर ब्रेड रोज त्याच जागी चिकटत राहिला. त्यावर सोपा उपाय म्हणजे शेवटचे मळणे झाल्यावर आणि शेवटचे फुगणे सुरू होण्यापूर्वी ओल्या हाताने गोळा उचलून पाते काढून घ्यावे. मग ब्रेडच्या तळाला मोठे भोकही पडत नाही.

भांडे पाण्यात बुडवून ठेवू नये. त्याच्या तळातून जाणाऱ्या दांड्याभोवतीचे सील सतत ओले राहिले की खराब होते. पाते निघत नसेल तर भांड्याच्या आत थोडे गरम पाणी घालून ते पंधरा मिनिटे तसेच ठेवावे. सीलची शंका आल्यास भांड्यात पाणी भरून ते कोरड्या कागदावर ठेवावे. कागद ओला झाला तर मळताना पाणी खाली हीटिंग कॉइलकडे झिरपत आहे असे समजावे आणि सील किंवा भांडे बदलेपर्यंत यंत्र सुरू करू नये.